दुर्बीण हलकी घ्यावी की मोठी? सातपुड्याचे घाट आणि हतनूरचं पाणी लक्षात घेऊन

विचारलेला प्रश्न असा: चोपड्याकडचे एक पक्षिनिरीक्षक १०×५० ची (१० पट मोठं दाखवणारी, पुढची काच ५० मिमीची), साधारण ९०० ग्रॅम वजनाची दुर्बीण वापरतात. पाल-यावलच्या जंगलात तीन तास चाललं की मान धरते आणि दुर्बीण डोळ्याला लावली की हात थरथरतात. म्हणून ३०० ग्रॅमची १०×२५ घ्यावी असं त्यांच्या मनात आहे. मात्र हतनूर धरणाच्या जलाशयावर लांबवरची बदकंही ओळखता आली पाहिजेत. पुढेमागे स्पॉटिंग स्कोप, म्हणजे स्टँडवर लावायची एका नळीची जास्त पटीची दुर्बीण, घ्यायचा झाला तर तो केवढा घ्यावा, हेही त्यांना हवं आहे.

भाऊ, आधी थेट उत्तर. १०×२५ घेऊ नका. वर्षभर एकच दुर्बीण वापरायची असेल तर ६०० ते ७०० ग्रॅमची ८×४२ घ्या. फिरणं बहुतेक तोरणमाळ, पाल असं चढउताराचं आणि उजाडल्यानंतरचं असेल, तर ४५० ते ५५० ग्रॅमची चांगली ८×३२. वजन कमी करायचं तर पुढच्या काचेचा व्यास थोडा कमी करा आणि १० ऐवजी ८ पटीवर या. काचेचा दर्जा, कोटिंग (काचेवरचा, प्रकाश परत फिरू न देणारा थर) आणि आतल्या प्रिझमच्या (उलटं चित्र सुलट करणाऱ्या काचेच्या) बाबतीत मात्र तडजोड करू नका. हलकं घेण्याच्या नादात बहुतेक जण नेमकं उलट करतात: १० पट तशीच ठेवतात आणि काच छोटी, सुमार घेतात.

दुर्बिणीचं वजन मुख्यतः तीन ठिकाणी असतं. पुढची काच म्हणजे ऑब्जेक्टिव्ह, मधले प्रिझम आणि बाहेरचा सांगाडा. सांगाड्यात वाचवलेलं वजन जवळजवळ फुकट मिळतं. ॲल्युमिनियमची घनता २.७, मॅग्नेशियमची १.८ च्या आसपास आणि फायबर भरलेलं पॉलिकार्बोनेट त्याहूनही हलकं. चांगलं पॉलिकार्बोनेट चांगलं टिकतं, त्याला नाक मुरडायचं कारण नाही. काचेत वाचवलेलं वजन मात्र दिसण्यातून वसूल होतं. प्रिझमसाठी बीके७ आणि बीएके४ अशा दोन काचा सर्रास वापरतात. बीके७ ची घनता सुमारे २.५, बीएके४ ची सुमारे ३. पोरो, म्हणजे वाकड्या खांद्यांच्या दुर्बिणीत बीएके४ जड असूनही हवी, कारण तिचा अपवर्तनांक जास्त असल्यामुळे कडेने येणारे किरण प्रिझममधून निसटत नाहीत. एकाच मापाच्या, म्हणजे ८×४२ च्या दोन दुर्बिणींत ६०० आणि ८५० ग्रॅम असा फरक दिसला तर जड दुर्बिणीत बहुधा जास्तीची भिंगं असतात, कडेपर्यंत चित्र सपाट ठेवणारी. किंवा लांब आकाराचं आबे-क्योनिग प्रिझम असतं. त्याला आरशाचा थर लागत नाही, त्यामुळे उजेड कमी वाया जातो. हे २५० ग्रॅम निरर्थक नसतात, पण घाट चढणाऱ्याला ते दरवेळी परवडतीलच असं नाही.

आता सगळ्या निवडीचा कणा असलेला आकडा. पुढच्या काचेचा व्यास भागिले पट म्हणजे एक्झिट प्यूपिल, दुर्बिणीतून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. तुमच्या १०×५० ची ५ मिमी. ८×४२ ची ५.२५, १०×४२ ची ४.२, ८×३२ ची ४ आणि तुम्ही घ्यायला निघालात त्या १०×२५ ची २.५ मिमी. दुसऱ्या बाजूला आपली बाहुली. भर उन्हात ती २ ते ३ मिमी असते, अंधार पडताना मोठी होते. तरुणपणी ७ मिमीपर्यंत जाते, पन्नाशीनंतर साधारण ५ च्या आसपास थांबते. झोत बाहुलीपेक्षा जाड असेल तर जास्तीचा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, तुमच्या १०×५० इतकंच उजळ चित्र, किंबहुना किंचित जास्तच, ८×४२ देते आणि अंगावरचं वजन पाव किलोने उतरतं. दोन, सकाळी नऊनंतर केळीच्या बागेच्या कडेला किंवा पानगळीनंतरच्या उघड्या सागवानात ८×३२ आणि ८×४२ यांच्या उजेडात फरक दिसत नाही. बाहुलीच ३ मिमीची असताना ४ काय आणि सव्वापाच काय! तपशील दाखवण्याच्या बाबतीतही ३२ मिमीची काच ८ पटीला पुरून उरते. मग ४२ चा फायदा कधी? उजाडताना आणि मावळताना, प्रत्येकी पाऊण तासभर, आणि नाल्यातल्या दाट सावलीत. ४२ च्या काचेचं क्षेत्रफळ ३२ च्या १.७ पट आहे. संधिप्रकाशात रातवा रस्त्यावर बसलेला असतो, घुबडं ढोलीतून बाहेर येतात, तेव्हा हा फरक चटकन जाणवतो. आणखी एक फायदा कागदावर दिसत नाही. जाड झोतात डोळा थोडा इकडेतिकडे सरकला तरी चित्र काळं होत नाही. दम लागलेला असताना, उभ्या चढावर, पक्षी उडायच्या आत दुर्बीण लावायची असते तेव्हा हे फार उपयोगी पडतं. २.५ मिमीच्या झोतात डोळा बसवता बसवता पक्षी निघून जातो.

पटीबद्दल. १० पट म्हणजे पक्षी मोठा दिसतो हे खरं, पण हाताची थरथरही १० पट होते. ८ आणि १० मध्ये फरक किती? १० पटीतून ३०० मीटरवरचं बदक जेवढं दिसतं तेवढंच ८ पटीतून २४० मीटरवरचं. बस, एवढाच. त्या बदल्यात दृश्याची रुंदी घटते. चांगल्या ८×४२ मधून १००० मीटरवर साधारण १३० ते १४० मीटर रुंद पट्टा दिसतो, १०×४२ मधून १०५ ते ११५. जंगलात पक्षी ३० मीटरवर असतो. तिथे हा फरक ४ मीटर विरुद्ध सव्वातीन मीटर असा पडतो. रामगंगा, सातभाई, कोतवाल या पक्ष्यांचा मिश्र थवा सागाच्या फांद्यांतून सरकत असतो तेव्हा ही पाऊण मीटरची रुंदी सोन्याची. फोकसची खोलीही ८ पटीला जास्त असते, त्यामुळे चाक सारखं फिरवावं लागत नाही.

रानपिंगळ्याचं उदाहरण मुद्दाम घेतो, कारण तो आपल्या भागाचा मानाचा पक्षी. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये शहादा भागात, सातपुड्याच्या पायथ्याशी तो पुन्हा सापडला. दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसणारा पक्षी, म्हणजे उजेडाची अडचण नाही. अडचण आहे ती साध्या पिंगळ्याशी होणाऱ्या गोंधळाची. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ सपाट तपकिरी, ठिपके अगदी पुसट. छाती गडद, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, पंख आणि शेपटीवर ठळक पट्टे. ५०-६० मीटरवरून हे पाहायला लागतं ते चित्राचं ठाशीवपण आणि हात स्थिर असणं. दहाव्या पटीने यात भर पडत नाही. स्थिर धरलेली चांगली ८×३२ इथे थरथरणाऱ्या १०×५० ला सहज मागे टाकते. जाता जाता एक सांगतो: या पक्ष्याला मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका. विणीच्या काळात तर मुळीच नाही.

आता उलट बाजू. दुर्बीण फारच हलकी असली तर तीही हलते. २५०-३०० ग्रॅमच्या दुर्बिणीला स्वतःचा जडपणा नसतो, त्यामुळे नाडीचे ठोकेसुद्धा चित्रात उमटतात. शिवाय ती बोटांच्या टोकांत धरावी लागते, तळव्यात बसत नाही. साधारण ४५० ते ७०० ग्रॅम हा असा पट्टा आहे की वजन हाताला स्थिर करतं आणि दमवतही नाही. ८०० च्या पुढे दंड भरून येतात आणि मिनिटभरात थरथर परत सुरू होते. त्यातही तोल कुठे आहे हे पाहा. पुढच्या बाजूला जड असलेली ६५० ग्रॅमची दुर्बीण मध्यभागी तोल असलेल्या ७२० ग्रॅमच्या दुर्बिणीपेक्षा लवकर दमवते. दुकानात नुसती उचलून पाहू नका, दोन मिनिटं न थांबता डोळ्याला लावून ठेवा. ऑनलाइन मागवत असाल तर पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीत ६५० मिली पाणी भरा, ती पट्ट्याने गळ्यात अडकवा आणि एक सकाळ नेहमीच्या वाटेवर चाला. कितीही परीक्षणं वाचली तरी ही खात्री मिळत नाही.

ज्यात तडजोड नको म्हटलं ते म्हणजे कोटिंग. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीच्या एका नळीत हवेला लागून असलेली बारा पृष्ठं धरली तर पलीकडे ६१ टक्केच पोचतो. चांगल्या बहुस्तरीय कोटिंगने प्रत्येक पृष्ठावरचं नुकसान अर्ध्या टक्क्यावर येतं, तेव्हा ९४ टक्के पोचतो. परत फिरलेला प्रकाश आतच भटकून चित्रावर पांढुरका धूर पसरवतो. धुळे-साक्रीकडच्या माळावर सूर्य समोर असताना भोवत्या या शिकारी पक्ष्याचे पंख पाहून पाहा, म्हणजे कळेल. म्हणून खोक्यावर ‘फुल्ली मल्टिकोटेड’ असंच लिहिलेलं हवं. नुसतं ‘कोटेड’ किंवा ‘मल्टिकोटेड’ म्हणजे काही पृष्ठं सोडून दिलेली असू शकतात. लालभडक चमकणारी ‘रुबी’ काच अजिबात नको. ती लाल रंग परत फेकते आणि चित्र हिरवट-निळसर पडतं.

सरळ नळीच्या, म्हणजे रूफ प्रिझमच्या दुर्बिणीत आणखी एक गोष्ट तपासा: फेज कोटिंग, म्हणजे प्रिझमवरचा एक खास थर. ते नसेल तर बारीक रेषांचा ठाशीवपणा जातो. खर्च मोजकाच करायचा असेल तर त्याच पैशांत पोरो प्रिझमची दुर्बीण जास्त चांगलं चित्र देते. तिला ना फेज कोटिंग लागतं, ना आरशाचा थर. पण ती रुंद असते, ८×४० ची ७०० ग्रॅमच्या पुढे जाते आणि फोकस करताना डोळ्याकडच्या काचांना जोडणारा मागचा पूल आतबाहेर सरकत असल्यामुळे पाणी-धूळ रोखणं तिला अवघड जातं. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवा आणि उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ, दोन्ही आहेत. सीलबंद, नायट्रोजन भरलेल्या दुर्बिणीचे जास्तीचे ३०-४० ग्रॅम बिनतक्रार सोसा. आत एकदा बुरशी धरली की ती काचेला खाते आणि डाग साफ केले तरी पुसट खुणा राहतात. चामड्याच्या किंवा कापडी बंद पिशवीत पावसाळाभर ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

हलक्या आणि स्वस्त दुर्बिणीत एक लबाडी नेहमी आढळते. पुढची काच ४२ मिमीची दिसते, पण आतलं प्रिझम किंवा कडी इतकी लहान की प्रत्यक्षात ३४-३५ मिमीच वापरात असतात. वजन असं ‘वाचवलेलं’ असतं. तपासायला सोपं आहे. फोकस अनंतावर ठेवा. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च डोळ्याकडच्या काचेपासून वीतभर मागे धरा, पुढच्या काचेला लागून कागद धरा आणि कागदावरच्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास मोजा. एखादा मिलिमीटर कमी आला तर चालेल, पाच-सात कमी आले तर परत करा. मग दुर्बीण हातभर लांब धरून उजळ भिंतीकडे रोखा. डोळ्याकडच्या काचांत दिसणारे प्रकाशाचे ठिपके स्वच्छ गोल हवेत. चौकटीसारखी करडी कड दिसली तर प्रिझम हलक्या प्रतीचं किंवा लहान आहे.

तिसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची: दोन्ही नळ्या समांतर आहेत का. लांबच्या विजेच्या तारेवर फोकस करा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दहा-बारा सेंटीमीटर मागे घ्या. दोन्ही वर्तुळांत तार एकाच उंचीवर दिसली पाहिजे. खालीवर दिसली तर ती दुर्बीण कितीही हलकी असो, अर्ध्या तासात डोकं दुखवणार. डोळे ती चूक सतत सावरत राहतात आणि माणूस वजनाला दोष देतो. डायऑप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक भरून काढणारी कडी, न लावल्यामुळेही असंच होतं. उजवी पुढची काच झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचा फोकस करा. मग डावी झाकून, मधलं चाक न हलवता, उजव्या डोळ्याकडची कडी फिरवा. त्या आकड्यावर खूण करून ठेवा.

चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे पूर्ण दृश्य दिसत असताना डोळा काचेपासून जेवढा मागे राहू शकतो ते अंतर, किमान १५-१६ मिमी हवा. २५ मिमीच्या खिशातल्या दुर्बिणींत तो बरेचदा १०-१२ च असतो आणि चष्म्यातून निम्मंच दृश्य दिसतं.

मान धरण्याचं मोठं कारण ९०० ग्रॅम हे आहेच, पण पातळ पट्टा हे त्याहून मोठं. सोबत मिळणारा दोन-अडीच सेंटीमीटरचा पट्टा सगळा भार मानेच्या एकाच मणक्यावर टाकतो. पाठीवर फुली होणारा हार्नेस घेतला तर भार दोन्ही खांद्यांवर जातो. त्याचं स्वतःचं वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम असतं, तरी मानेला दुर्बीण निम्म्याने हलकी झाल्यासारखी वाटते. एप्रिल-मेमध्ये पाठीवर घाम साचतो, ते मात्र सोसावं लागतं. लांबी अशी ठेवा की दुर्बीण छातीच्या हाडावर टेकेल. पोटापर्यंत लोंबली की प्रत्येक पावलाला झुलते आणि खडकावर आपटते. धरताना कोपरं बरगड्यांना टेकवा आणि तर्जनीने टोपीची कड धरा. थरथर लगेच उतरते.

हतनूर हा वेगळा विषय. तापी-पूर्णेच्या त्या पसाऱ्यात हिवाळ्यात पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदक दोनशे-चारशे मीटरवर बसलेले असतात, आणि चिखलाच्या कडेला टिलव्यासारखे चिमुकले पक्षी. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा यांत पाय काळे की पिवळट हे पाहायचं तर १० पटीने भागत नाही, ४२ घ्या की ५०. तिथे स्कोपच लागतो. म्हणून हतनूरसाठी गळ्यातली दुर्बीण मोठी करण्यात अर्थ नाही. ते चुकीच्या जागी वाढवलेलं ओझं आहे.

स्कोपमध्ये ६० ते ६५ मिमी आणि ८० मिमी अशा दोन मापांत निवड असते. ६५ चा एक ते सव्वा किलो, ८० चा दीड ते दोन किलो. पण हिशोब स्टँडसकट करा. ८० चा स्कोप १.८, त्याला पेलणारा व्हिडिओ हेड (स्टँडचा वरचा, स्कोप फिरवणारा भाग) ०.७ आणि पाय १.७, म्हणजे ४.२ किलो. ६५ चा संच १.१, ०.५ आणि १.३ मिळून २.९ मध्ये बसतो. स्टँडमध्ये वजन वाचवून ८० चा स्कोप घेणं ही सगळ्यात महाग चूक. पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यात हलका स्टँड शहारतो आणि ४० पटीला चित्र नुसतं थरथरत राहतं. मधला दांडा वर काढू नका, पाय जमतील तेवढे आखूड ठेवा आणि दांड्याच्या खालच्या हुकाला पाठपिशवी अडकवा. जमिनीला किंचित टेकेल अशी, नाहीतर तीच झोके खाईल.

आणि खानदेशातलं ऊन. तापलेल्या काळ्या मातीवरून आणि गाळपेऱ्यावरून उठणारी हवेची लहर जानेवारीच्या अखेरीपासून सकाळी दहाच्या आतच सुरू होते. मग २५-३० पटीच्या वर चित्र उकळायला लागतं आणि स्कोप ८० चा असो वा ६५ चा, दोन्ही सारखेच हतबल. २०-६० पटीच्या ८० मिमी स्कोपला ६० पटीवर एक्झिट प्यूपिल १.३ मिमी उरते, म्हणजे ती पट एरवीही फारशी कामाची नाही. ३० पटीवर ६५ मिमी काच २.२ मिमीचा झोत देते, दिवसा तेवढा पुरतो. माझं स्पष्ट मत: चालत काठ फिरणाऱ्याने ६५ चा चांगला स्कोप आणि भक्कम स्टँड घ्यावा. गाडीपासून पन्नास पावलांवर उभं राहून पहाटे आणि संध्याकाळी गणना करणाऱ्याने ८० चा घ्यावा. ऊन पाठीशी राहील असं उभं राहा, सकाळी पूर्वेच्या काठावर, दुपारनंतर पश्चिमेच्या.

तुमची जुनी १०×५० विकू नका. पोरो असेल तर दोन नळ्यांच्या मधल्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला एक छोटं झाकण असतं. ते फिरवून काढा. आत बहुधा पाव इंची आटे असतात, कॅमेऱ्याच्या स्टँडला असतात तेच. दुर्बिणीसाठीचा एल आकाराचा अडॅप्टर त्यात बसवा आणि दुर्बीण स्टँडवर चढवा. हाताची थरथर गेल्याबरोबर १० पटीचं खरं चित्र पहिल्यांदा दिसेल. स्कोपचे पैसे जमेपर्यंत हतनूरला हीच वापरा, आणि जंगलात गळ्यात ८×४२.